परत आलेली औषधं: आमच्या मेडिकलमधल्या डब्याच्या नोंदी

2 जून 2025, सोमवार

डबा आला. पत्र्याचा, पोस्टाच्या पेटीसारखा. वर फट ठेवलीय ती हात आत जाणार नाही एवढीच. कुलपं दोन. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे, म्हणजे उघडायचा तर दोघींनी मिळूनच. पाटी मामंजींनी स्वतः रंगवली: "घरात उरलेली, मुदत संपलेली औषधं इथे टाका." पायरीजवळ, शेडखाली ठेवला. येता-जाता कुणालाही टाकता यावं म्हणून.

हे सुरू झालं मे महिन्यात. गल्लीतल्या काकू काकांच्या तेराव्यानंतर एक पिशवी घेऊन आल्या. "अगं, ह्यांची एवढी औषधं उरलीत. कुठं टाकू?" पिशवी वजनकाट्यावर ठेवली तर अडीच किलो भरली. मी एकोणीस वर्षं या काउंटरला उभी आहे, आणि माझ्या तोंडून आलं, "घंटागाडीत टाका, काकू." त्या गेल्यावर दिवसभर ते उत्तर मला टोचत राहिलं.

दुकानातला माल मुदतबाह्य झाला की त्याची वाट ठरलेली असते. वेगळं खोकं, त्यावर ठळक "विक्रीसाठी नाही", मग एक्सपायरीची यादी, स्टॉकिस्टकडे परत, क्रेडिट नोट. तीच स्ट्रिप एकदा गिऱ्हाईकाच्या घरी गेली की तिला परतीची वाटच नाही.

4 जून

काय घ्यायचं नाही ते आधी ठरवलं. सुया, सिरिंज, पाऱ्याचे थर्मामीटर, मॉर्फिनसारखी औषधं नाहीत. इन्हेलर, म्हणजे आपल्याकडे लोक ज्याला पंप म्हणतात तो, घ्यायचा पण वेगळ्या खोक्यात. त्यात दाबाखाली वायू असतो, भट्टीत गेला तर फुटतो. केमोच्या गोळ्या पिवळ्या पिशवीत, वर स्पष्ट लिहून.

एक वही केली. तारीख, औषधाचं नाव, नग, मुदत, आणि शेवटचा रकाना "का उरलं?" माणसाचं नाव कुठेच नाही. पाकिटावर पेशंटचं नाव असलं तर ते आधी खोडायचं.

11 जून

पालिकेत गेले. घनकचऱ्याचे 2016 चे नियम छापून सोबत नेले होते. घरातली मुदतबाह्य औषधं ही त्या नियमांत "घरगुती घातक कचरा" आहेत. रंगाचे डबे, ट्यूबलाइट, बॅटऱ्या यांच्याच यादीत. दर 20 चौरस किलोमीटरला, किंवा त्याहून लहान गावाला एक, असं जमा केंद्र स्थानिक संस्थेनं करायचं आहे. साहेबांनी वाचलं, खरंच शांतपणे वाचलं, आणि म्हणाले, "मॅडम, नियम बरोबर आहे. जागा देता येईल. पण पुढं नेणार कोण?"

जैववैद्यकीय कचरा जाळणाऱ्या केंद्राला फोन केला. त्यांचं म्हणणं, आमचे सभासद दवाखाने आणि लॅब. प्रत्येक पिशवीला बारकोड लागतो. घरातला कचरा आमच्याकडे पालिकेमार्फत आला तरच घेऊ. दोघांचंही चूक नाही. मधला दोरा बांधायचा राहिलाय.

तोवर मी गोळा करून काय करणार? कुलूपबंद ठेवणार. मामंजी म्हणाले, माळ्यावर जागा आहे, कोरडी आहे, सुरू कर.

16 जून

वारीची तयारी चाललीय. एका दिंडीचे प्रमुख आले. डबा बघून त्यांना आनंद झाला. "ताई, यातल्या मुदत न संपलेल्या गोळ्या आम्हाला द्या. वारकऱ्यांच्या तापाला, अंगदुखीला होतील. पुण्य लागेल."

नाही म्हणणं जड गेलं. माणूस निर्मळ मनानं मागत होता. पण ती स्ट्रिप कुणाच्या घरी कुठं होती ते मला माहीत नाही. स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या फळीवर? गाडीच्या डिकीत, मे महिन्याच्या उन्हात? मुदत छापलेली असते ती सांगितलेल्या तापमानात ठेवलं तर. फ्रान्समध्ये मेडिकलवाले 1993 पासून सायक्लामेड नावाच्या व्यवस्थेत घरची औषधं परत घेतात. तिथेही आधी त्यातली चांगली औषधं गरीब देशांना पाठवत, ते 2008 अखेर बंद केलं. आणि जागतिक आरोग्य संघटनेचं औषधदानाबद्दलचं म्हणणं अगदी सरळ आहे: एकदा पेशंटला दिलेलं आणि परत आलेलं औषध दान करायचं नाही.

त्यांना मी हे सगळं सांगितलं नाही. "माऊली, माझ्या वडिलांना जे देणार नाही ते वारकऱ्याला कसं देऊ?" एवढंच म्हणाले, आणि दुकानातली नवी पॅरासिटामॉल आणि ओआरएसची पाकिटं दिली. दिंडीतल्या फार्मसी शिकणाऱ्या मुलीच्या हातात दिली, वाटण्याआधी विचारायचे प्रश्न कागदावर लिहून.

27 जून

दुर्घटना. डबा उघडून वर्गवारी करताना मदतनीसाच्या बोटाला सुई लागली. कुणीतरी इन्सुलिनच्या सुया कागदात गुंडाळून फटीतून टाकल्या होत्या. पाटीवर "सुया नाहीत" लिहिलं होतं, पण पाटी किती जण वाचतात? हातमोजे होते ते साधे, पातळ. चूक माझी. त्याला मी दोन मिनिटांत शिकवलं होतं आणि त्यावर विसंबले.

जखम साबण-पाण्यानं धुतली, चोळली नाही, पिळली नाही. सरकारी रुग्णालयात नेलं. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. त्याचं सुरू केलं. कावीळ-बीची लस त्याला लहानपणी मिळाली होती, तरी रक्त तपासायला दिलं. त्याची आई संध्याकाळी दुकानात येऊन नुसती बसून राहिली. मीही.

28 जून

डबा पायरीवरून उचलून काउंटरच्या आत घेतला. आता कुणी परस्पर काही टाकायचं नाही. पिशवी माझ्या किंवा सहकारी फार्मासिस्टच्या हातात द्यायची. ट्रेमध्ये ओतून, चिमट्यानं बाजूला करून, गिऱ्हाईकासमोरच बघायचं. सुयांसाठी निराळी सोय: जाड प्लास्टिकची, झाकण घट्ट बसणारी बाटली आम्ही फुकट देतो. ती भरली की शेजारच्या दवाखान्याच्या पांढऱ्या डब्यात जाते. डॉक्टरीणबाई तयार झाल्या.

याला वेळ लागतो. गर्दीच्या वेळी लोक मागे रांगेत कुरकुरतात. पण दुसरा मार्ग मला दिसत नाही.

5 जुलै

एका आठवड्यात कळलं की डबा आत आणल्यामुळे बोलणं सुरू झालंय. पायरीवर होता तेव्हा लोक टाकून जात. आता समोर उभे असतात, आणि "का उरलं?" हा रकाना आपोआप भरतो.

एक आजी आल्या. "जुन्या गोळ्या आहेत गं, घे." ट्रेमध्ये ओतल्या. त्यात दोन कंपन्यांच्या दोन स्ट्रिप अर्धवट वापरलेल्या. नावं वेगळी, रंग वेगळे, आत मात्र एकच: मधुमेहाची ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. "ही गावातल्या डॉक्टरची, ती मुलानं पुण्यात दाखवलं तिथली. दोन्ही घेते मी सकाळी." घाम येतो का? "अकराच्या सुमाराला येतो. हातपाय लटलटतात. वयच झालं." ग्लुकोमीटर लावला. 58, फारच कमी. आधी साखर-पाणी दिलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, मग मुलाला फोन करून डॉक्टरांकडे पाठवलं. साखर काही वेळानं पुन्हा खाली जाऊ शकते, ग्लिमेपिराइडचा अंमल लांब चालतो, हेही मुलाला सांगितलं.

त्या आजी औषध टाकायला आल्या नसत्या तर? त्यांना दोन्ही स्ट्रिप माझ्याच दुकानातून गेल्या असतील का, हे मी बिलांत बघितलं. एक आमची होती.

14 जुलै

भुईमुगाची भांगलण सोडून एक शेतकरी दादा आले. गुडघ्याच्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या उरलेल्या. "टाकायच्या कशाला? बैलाचा पाय सुजलाय, त्याला कुटून घालतो."

हे मी फार गंभीरपणे घेतलं. डायक्लोफेनॅक दिलेलं जनावर मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. हे 2004 मध्ये सिद्ध झालं. जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक भारतात 2006 मध्ये बंद झालं. मग लोक माणसांच्या मोठ्या कुप्या जनावरांना वापरू लागले म्हणून 2015 मध्ये माणसाचं इंजेक्शन 3 मिलीच्या एका डोसापुरतंच ठेवलं. 1992 ते 2007 या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्के घटली. दादा म्हणाले, "आमच्या लहानपणी मेलेलं ढोर माळावर टाकलं की तासात गिधाडं उतरायची. आता कुत्री असतात." त्यांना जे दिसलं होतं त्याचं कारण त्यांना पहिल्यांदा कळलं. गोळ्या डब्यात पडल्या. बैलासाठी पशुवैद्यकांचा नंबर दिला आणि मेलॉक्सिकॅम मिळेल का ते विचारा म्हणाले. ते गिधाडांना चालतं.

22 जुलै

वही चाळली. सगळ्यात जास्त वेळा लिहिलं गेलेलं कारण मला अपेक्षित नव्हतं. "बरं वाटलं म्हणून सोडल्या" हे आहेच, अँटिबायोटिक बहुतेक त्यातलीच. लाल उभी रेघ असलेल्या स्ट्रिप, दहापैकी सहा शिल्लक. "डॉक्टरांनी बदललं" हेही आहे. पण त्यांच्या वर आहे: "पाच लिहिल्या होत्या, पूर्ण स्ट्रिप दिली."

पूर्ण स्ट्रिप कुणी दिली? आम्ही.

दुकानदाराची अडचण मला ठाऊक आहे. कापलेली स्ट्रिप पडून राहते. बॅच नंबर आणि मुदत एका टोकाला छापलेली असते. ते टोक गेलं की उरलेला तुकडा विकताही येत नाही आणि परतही जात नाही. म्हणून आपण म्हणतो, "घ्या हो पूर्ण, घरात असू द्या." घरात असू दिलेलं ते माझ्या ट्रेमध्ये परत आलंय.

आजपासून: मुदत नसलेल्या बाजूनं कापायचं. गिऱ्हाईकाचा तुकडा छोट्या पाकिटात, पाकिटावर औषधाचं नाव, बॅच, मुदत, कसं घ्यायचं. पाकिटं छापून आणली. पूर्ण स्ट्रिप कुणालाही आग्रहानं द्यायची नाही. महिन्याची बीपीची, शुगरची औषधं वेगळी, ती लागतातच. पण डॉक्टरांनी नवीन गोळी सुरू केली असेल तर पहिल्यांदा दहा दिवसांचीच.

30 जुलै

मदतनीसाचा 28 दिवसांचा औषधाचा कोर्स संपला. पहिले रिपोर्ट ठीक. पुढचे काही महिन्यांनी. तो स्वतःहून ट्रेजवळ उभा राहिला, जाड हातमोजे घालून.

20 ऑगस्ट

पाऊस थांबत नाही. धरणातून विसर्ग वाढवलाय, नदीकाठच्या गल्ल्यांना सूचना गेल्यात. माळ्यावर आता चार सीलबंद खोकी. पाणी तिथवर येणार नाही, तरी रात्री जाऊन बघितलं. ही खोकी नसती तर हे सगळं आज कुठं असतं, हा विचार येतोच: ओढ्यात, उकिरड्यावर, परसात पेटवलेल्या ढिगात. स्ट्रिपचं प्लास्टिक परसातल्या जाळात नीट जळत नाही, विषारी धूर सोडतं. नीट जाळायला हजार अंशांच्या वरची भट्टी लागते.

29 ऑगस्ट

ही नोंद लिहायला मला तीन दिवस लागले.

एक मुलगा आला, पंचविशीतला. वडील घशाच्या कॅन्सरनं गेले. स्टीलच्या डब्यात मॉर्फिनच्या 10 मिलिग्रॅमच्या गोळ्या. चौतीस. "ताई, तुम्ही घेता ना?"

मी घेऊ शकत नाही. मॉर्फिन फक्त मान्यताप्राप्त संस्थेत मिळतं, तिथंच त्याचा हिशेब असतो. माझ्याकडे ठेवायची परवानगी नाही. आणि घरात तर एक दिवसही नको. त्याच्या बहिणीची दोन लहान मुलं घरात आहेत.

मे महिन्याच्या अखेरीस केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेनं मुदतबाह्य आणि नको असलेल्या औषधांवर मार्गदर्शिका काढली. तिच्यात 17 औषधांची यादी आहे: फेंटानिल, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, डायझेपाम वगैरे. ही चुकून एका डोसातही जीव घेऊ शकतात, किंवा नशेसाठी वळवली जाऊ शकतात, म्हणून ती संडासात टाकून फ्लश करावीत असं तिथं म्हटलंय. तीन महिने मी प्रत्येकाला सांगतेय, औषध संडासात, मोरीत, बेसिनमध्ये ओतू नका, शुद्धीकरण केंद्रात ते पुरतं निघत नाही, नदीत उतरतं. आणि आता याला उलटं सांगायचं.

सांगितलं. का, तेही सांगितलं: चौतीस गोळ्यांनी नदीचं होईल त्यापेक्षा एका गोळीनं त्या पोरांचं होईल ते मोठं आहे. तो म्हणाला, "तुम्ही याल?" मी गेले. त्याच्या आईनं गोळ्या मोजल्या, मोठ्यानं, एकेक. शेवटी त्या म्हणाल्या, "या होत्या म्हणून ते रात्री झोपत होते." मग त्यांनीच पाणी ओढलं.

फेंटानिलचे पट्टे, म्हणजे वेदना थांबवायला अंगावर चिकटवतात ते, कुणाकडे असले तर वापरलेल्या पट्ट्यातही बरंच औषध उरतं. चिकट बाजू आत करून दुमडायचा आणि मगच फ्लश करायचा. हे डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून पत्रकात घातलं.

12 सप्टेंबर

पितृपक्ष चालू आहे. गेलेल्या माणसांची औषधं या पंधरवड्यात जास्त येतात. पंधरवड्याचं जेवण घालायच्या आधी कपाट आवरलं जातं आणि डबा सापडतो. एका वहिनींनी सासूबाईंच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आणल्या, संधिवाताच्या. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. पाकिटावर कुणीतरी पेनानं "सोमवार" लिहून दोनदा गोल केला होता. रोज घेतली तर घातक ठरते ती. असं लिहिणारा फार्मासिस्ट कोण असेल? अक्षर ओळखीचं नव्हतं. त्याचं भलं होवो. पिवळी पिशवी.

20 सप्टेंबर

परवा घटस्थापना. नवरात्राच्या आधी घर काढायची रीत, त्यामुळं आज दिवसभर पिशव्या. दोन वाजेपर्यंत डबा भरला. खोकल्याची औषधं सर्वांत जास्त, उघडून चिकट झालेली. डोळ्यांचे ड्रॉप: उघडल्यावर महिनाभरच वापरायचे असतात हे फार कमी जणांना ठाऊक आहे; छापलेली 2026 ची तारीख बघून लोक म्हणतात, "अजून चालतील की." इन्सुलिनचंही तसंच, वापरायला घेतलेली कुपी साधारण 28 दिवस.

लांबच्या वाड्यांवरून येणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी आशाताईंकडे पत्रक दिलं: गोळ्या पाकिटातून काढा, चहाचा चोथा किंवा राख-माती यांत कालवा, झाकणाच्या डब्यात घट्ट बंद करा, मग कचऱ्यात द्या. ही दुसऱ्या नंबरची वाट आहे, पण पोरांच्या आणि जनावरांच्या तोंडी तरी जात नाही.

25 सप्टेंबर, फार्मासिस्ट दिन

तालुक्यातल्या केमिस्ट मंडळींची बैठक. हार-तुरे झाल्यावर मला दहा मिनिटं मिळाली. कोझिकोडचं उदाहरण सांगितलं. केरळच्या औषध नियंत्रण विभागानं या फेब्रुवारीत कोझिकोड महापालिका आणि उल्लियेरी पंचायतीत घरची औषधं गोळा करायला सुरुवात केली. मेडिकलमध्ये निळे डबे, घरोघरीही गोळा करतात, आणि सगळं एर्नाकुलमच्या भट्टीत जातं. तिथं सरकार पुढं आहे आणि मेडिकलवाला सोबत आहे.

प्रश्न आले. "आम्हाला यातून काय?" हा आलाच, त्यावर मी फार बोलले नाही. खरा प्रश्न एका ज्येष्ठ दुकानदारकाकांनी विचारला: "परत आलेली स्ट्रिप कुणी पुन्हा विकायला ठेवली तर? एकानं केलं तरी आपण सगळेच चोर." ही भीती मला पहिल्या दिवसापासून आहे. आमची पद्धत सांगितली: घेतल्या क्षणी, गिऱ्हाईकासमोर, स्ट्रिपवर जाड मार्करनं फुली आणि मधोमध कात्री. सिरपच्या बाटलीचं लेबल फाडायचं. मगच डबा. वहीवर गिऱ्हाईकाची सही नाही, पण त्याच्या डोळ्यांदेखत. काका म्हणाले, "मग आमच्याकडे ठेवा एक." आणखी दोघे तयार झाले.

स्ट्रिप कापून द्यायच्या मुद्द्यावर मात्र सगळे गप्प. एकानं नंतर चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांगितलं, "वहिनी, ते करायला गेलो तर धंदा निम्मा होतो." मला तसं वाटत नाही. दोन महिन्यांचे माझे आकडे त्यांना दाखवायला हवेत. दिवाळीनंतर बसून काढते.

9 ऑक्टोबर

पालिकेचं पत्र आलं. पाण्याच्या जुन्या टाकीखालची खोली घरगुती घातक कचऱ्यासाठी ठरली. जाळणाऱ्या केंद्राशी किलोमागे दर ठरला, तो पालिका देईल. जूनमध्ये "पुढं नेणार कोण" विचारणाऱ्या साहेबांनीच फाइल पुढं नेली होती, हे त्यांच्या शिपायाकडून कळलं. पेढे घेऊन गेले तर त्यांनी एकच घेतला आणि विचारलं, "वजन किती असेल?"

30 ऑक्टोबर

गाडी आली. माळ्यावरून नऊ खोकी उतरवली. मामंजी खाली उभे राहून मोजत होते. औषधं त्रेसष्ट किलो, केमोची पिवळी पिशवी वेगळी, एक किलोच्या आत. इन्हेलरचं खोकं निराळं. काट्याची पावती वहीत चिकटवली.

दुपारी मे महिन्यातल्या काकू आल्या. त्यांची ती अडीच किलोंची पिशवी मी घंटागाडीत टाका म्हणाले होते, ती त्यांनी टाकली नव्हती. जिन्याखाली ठेवली होती. "तू त्या दिवशी सांगितलंस, पण तुझं तोंड बघून मला वाटलं, थांबावं." ट्रेमध्ये ओतली. बीपीची, हृदयाची, रक्त पातळ व्हायची, आणि तळाशी डायझेपामची एक स्ट्रिप, पाच गोळ्या. ती बाजूला ठेवून घरी काय करायचं ते समजावलं. बाकीच्यांवर फुली मारायला मी मार्कर घेतला, तर काकूंनी कात्री मागितली.

3 नोव्हेंबर

उद्या करायचं: पाकिटं संपत आलीत, छापखान्याला सांगणं. तिन्ही नव्या दुकानांना ट्रे, चिमटे, जाड हातमोजे. हातमोज्यांशिवाय एकही डबा द्यायचा नाही. आजींच्या मुलाला फोन, शुगर कशी आहे. मदतनीसाची पुढची रक्ततपासणी या आठवड्यात.